अल्झायमर रोगावरील वनस्पतिजन्य संयुगे

अल्झायमर रोगावरील वनस्पतिजन्य संयुगे म्हणजे या रोगाच्या उपचारासाठी वापरली जाणारी अथवा अभ्यासली जाणारी, वनस्पतींपासून मिळवलेली किंवा वनस्पतीतील एखाद्या रेणूच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली रासायनिक द्रव्ये होत. यांपैकी गॅलँटामाइन आणि रिव्हास्टिग्माइन ही दोन द्रव्ये जगातील बहुसंख्य देशांत मान्यताप्राप्त औषधे आहेत. पहिले स्नोड्रॉप या कंदवर्गीय फुलझाडात सापडले, तर दुसऱ्याची प्रेरणा पश्चिम आफ्रिकेतील एका विषारी बीमधून आली. ह्युपरझाइन ए हे द्रव्य चीनमध्ये औषध म्हणून, तर अमेरिकेत केवळ आहारपूरक म्हणून विकले जाते. हळदीतील करक्युमिन, गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क, द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल तसेच ब्राह्मी व अश्वगंधा यांच्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु अल्झायमरवरील औषध म्हणून त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही.

मान्यताप्राप्त औषधेसुद्धा हा रोग बरा करत नाहीत वा थांबवत नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्षणे सौम्य ठेवतात, इतकेच. वनस्पतिजन्य उपचारांविषयी वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून जे लिहिले जाते, त्यात हा भेद बहुधा पुसला जातो.

पार्श्वभूमी

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी इ.स. १९०१ मध्ये फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयात ऑगस्ट डेटर या ५१ वर्षे वयाच्या स्त्रीची तपासणी केली. तिच्या मृत्यूनंतर, इ.स. १९०६ मध्ये, त्यांनी तिच्या मेंदूत आढळलेल्या पुटांचे आणि पेशींतील तंतूंच्या गुंत्यांचे वर्णन ट्यूबिंगेन येथील सभेत मांडले. इ.स. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले. आज स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत हा रोग कारणीभूत असतो. भारतात इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे.

उपचाराची पहिली वाट इ.स. १९७० च्या दशकात दिसली. एडिंबरा येथील पीटर डेव्हिस आणि ए. जे. एफ. मॅलोनी यांनी इ.स. १९७६ मध्ये दाखवून दिले की, अल्झायमर झालेल्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारे विकर फार घटलेले असते. ॲसिटिलकोलीन हा एका चेतापेशीकडून दुसऱ्या पेशीकडे संदेश नेणारा रासायनिक निरोप्या असून स्मरण आणि अवधान यांसाठी तो आवश्यक असतो. काम झाल्यावर कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याचे तुकडे करते. निरोप्यांची संख्या वाढवता येत नसेल, तर निदान त्यांना मोडणाऱ्या विकराला आवर घालावा, म्हणजे उरलेले निरोपे अधिक वेळ टिकतील, अशी ही कल्पना होती.

या यंत्रणेची उलट बाजू ग्रामीण महाराष्ट्राला फार पूर्वीपासून परिचित आहे. धोतऱ्याचे बी पोटात गेले की माणूस बरळू लागतो, ओळखीची माणसे ओळखेनासा होतो आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातले फारसे काही आठवत नाही. धोतऱ्यातील ॲट्रोपीन आणि स्कोपोलामाइन ही द्रव्ये ॲसिटिलकोलीनची वाट अडवतात म्हणून असे घडते. या विषबाधेवर उतारा म्हणून वापरले गेलेले फायसोस्टिग्माइन हेच अल्झायमरवर अजमावले गेलेले पहिले वनस्पतिजन्य द्रव्य ठरले.

कॅलाबार बी आणि रिव्हास्टिग्माइन

आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागातील कॅलाबार परिसरात एफिक लोक फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम या वेलीच्या बियांचा उपयोग दिव्यासाठी करीत. आरोपीला बियांचा काढा पाजला जाई. तो ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. एडिंबरा विद्यापीठातील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी इ.स. १८५५ मध्ये हे बी स्वतः खाऊन पाहिले आणि थोडक्यात बचावले. इ.स. १८६४ मध्ये योब्स्ट आणि हेस्से यांनी त्यातील क्रियाशील अल्कलॉइड वेगळे केले. पुढे काचबिंदूवर आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या रोगावर त्याचा उपयोग झाला. इ.स. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी जुलियन आणि त्यांचे सहकारी योसेफ पिक्ल यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. वर्णभेदामुळे अनेक विद्यापीठांची दारे बंद असलेल्या जुलियन यांनी या कामात ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटाला मागे टाकले.

इ.स. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून फायसोस्टिग्माइन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. काहींची स्मृती तात्पुरती सुधारली; पण औषध शरीरातून फार लवकर निघून जाई, आणि मात्रा वाढवली की मळमळ, उलट्या व घाम असह्य होत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मार्ता वाइनस्टॉक यांनी त्याच्या रेणूचा महत्त्वाचा भाग तसाच ठेवून उर्वरित रचना सोपी केली आणि अधिक काळ टिकणारे रिव्हास्टिग्माइन घडवले. अमेरिकेत त्याला इ.स. २००० मध्ये मान्यता मिळाली. इ.स. २००७ मध्ये त्याची त्वचेवर चिकटवायची पट्टी आली. गोळी गिळायला नकार देणाऱ्या वा घेतलेली गोळी विसरून पुन्हा मागणाऱ्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना तिची मोठी सोय झाली.

गॅलँटामाइन

गॅलँटामाइन हे ॲमारिलिडेसी कुलातील वनस्पतींत आढळणारे अल्कलॉइड होय. स्नोड्रॉप, स्नोफ्लेक आणि नार्सिसस (डॅफोडिल) ही त्याची प्रमुख उगमस्थाने आहेत. महाराष्ट्रातील बागांत दिसणारा सुदर्शन याच कुलातील असला, तरी त्याच्या कंदातील लायकोरीन हे द्रव्य तीव्र वांती करवणारे आहे. कुलसाम्यावरून औषधी उपयोगाचा निष्कर्ष काढणे घातक ठरू शकते.

बल्गेरिया आणि कॉकेशस भागातील ग्रामस्थ स्नोड्रॉपचा उपयोग चेतादुखीवर आणि लहान मुलांच्या पोलिओवर करीत, अशा कथा या औषधाविषयी नेहमी सांगितल्या जातात. मात्र त्यांना समकालीन लेखी आधार फारसा मिळत नाही. निश्चित इतिहास सोव्हिएत संघापासून सुरू होतो. इ.स. १९५१ मध्ये मिखाईल माश्कोव्स्की आणि क्रुग्लिकोवा-ल्व्होवा यांनी या अल्कलॉइडचा कोलिनएस्टरेजवरील परिणाम नोंदवला, आणि इ.स. १९५२ मध्ये प्रोस्कुर्निना व याकोव्हलेवा यांनी गॅलँथस वोरोनोवी या जातीपासून ते वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे औषधात रूपांतर केले. स्नोड्रॉपच्या गॅलँथस निवालिस या शास्त्रीय नावावरून त्याला ‘निवालिन’ हे नाव मिळाले. पोलिओनंतरचे दौर्बल्य, मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि शस्त्रक्रियेत दिलेल्या स्नायुशिथिलकांचा परिणाम उलटवणे, यांसाठी पूर्व युरोपात ते अनेक वर्षे वापरात होते. शीतयुद्धाच्या काळात पश्चिमेकडील वैद्यकाने त्याकडे क्वचितच लक्ष दिले.

हे औषध अल्झायमरवर वापरण्याची कल्पना अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ बॉनी डेव्हिस यांनी मांडली. त्याचे पेटंट त्यांना इ.स. १९८७ मध्ये मिळाले. पुढची अडचण होती पुरवठ्याची. कंदांतील गॅलँटामाइनचे प्रमाण सुक्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षाही बरेच कमी असते. लाखो रुग्णांना पुरेल इतके औषध रानातील कंद खणून मिळणे अशक्य होते. वनस्पती आपल्या पेशींत हा रेणू कसा घडवते याचा माग डेरेक बार्टन आणि गॉर्डन कर्बी यांनी इ.स. १९६२ मध्येच काढला होता आणि त्याच मार्गाने त्याचे संश्लेषणही केले होते, पण उत्पादन नगण्य होते. ऑस्ट्रियातील सॅनोकेमिया या कंपनीने तोच मार्ग कारखान्यात वापरण्याजोगा केला. या संश्लेषणात नार्वेडीन नावाचा मधला टप्पा येतो. त्याचे दोन आरशातल्या प्रतिमेसारखे प्रकार एकत्र तयार होतात, आणि त्यांपैकी एकच उपयोगी असतो. द्रावणात योग्य स्फटिकाचा एखादा कण टाकला, तर सगळे द्रव्य हळूहळू हव्या त्या प्रकारात स्फटिकरूप होऊ लागते. दुधाला विरजण लावावे, तसाच हा प्रकार.

गॅलँटामाइनला इ.स. २००० मध्ये प्रथम स्वीडनमध्ये आणि २००१ मध्ये अमेरिकेत सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. ते कोलिनएस्टरेजला उलटवता येईल अशा रीतीने अडवते. शिवाय ॲसिटिलकोलीनच्या निकोटिनी ग्राहकांची संवेदनशीलताही वाढवते असे मानले जाते, जरी या दुसऱ्या परिणामाविषयी मतभेद आहेत. उपचार सामान्यतः दिवसाला ८ मिलिग्रॅमपासून सुरू करून सुमारे चार-चार आठवड्यांनी १६ ते २४ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात.

मोठ्या चाचण्यांत सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे बौद्धिक चाचणीतील गुण निष्क्रिय गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा ७० पैकी सुमारे ३ ते ४ गुणांनी सरस राहिले. हा फरक खरा आहे, पण लहान आहे. एखादा रुग्ण स्वतः कपडे घालणे, नातवाचे नाव घेणे काही महिने अधिक काळ राखू शकतो. दुसऱ्यात काहीच फरक दिसत नाही. औषध चालू असतानाही चेतापेशी मरतच असतात आणि निरोपे पाठवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत की निरोपे टिकवण्याला अर्थ राहत नाही.

मळमळ, उलट्या, भूक मंदावणे, वजन घटणे आणि हृदयाची गती कमी होणे हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम आहेत. स्मृतिभ्रंशापूर्वीच्या सौम्य बौद्धिक घटीवर हे औषध उपयोगी पडेल या आशेने दोन वर्षे चाललेल्या दोन चाचण्यांत उलट औषध घेणाऱ्या गटात अधिक मृत्यू आढळले, आणि इ.स. २००५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याबाबत इशारा दिला. त्याच वर्षी अमेरिकेत त्याचे ‘रेमिनिल’ हे व्यापारी नाव बदलून ‘राझाडाइन’ करण्यात आले. मधुमेहावरील ‘अमॅरिल’ या औषधाशी नावाची गल्लत होऊन चुकीच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या आणि त्यातून मृत्यूही घडले होते.

होमरच्या ‘ओडिसी’त किर्केच्या जादूवर उतारा म्हणून येणारी ‘मोली’ ही वनस्पती स्नोड्रॉप असावी, असा तर्क अँड्रियास प्लाइटाकिस आणि रॉजर डुव्हॉइसिन यांनी इ.स. १९८३ मध्ये मांडला. किर्केचे पेय म्हणजे धोतऱ्यासारखे विष आणि मोली त्याचा उतारा, ही जुळणी रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोहक असली, तरी तो तर्कच आहे.

ह्युपरझाइन ए

ह्युपरझिया सेराटा ही नेच्यांशी दूरचे नाते असलेली, बी न धरणारी लहान वनस्पती चिनी पारंपरिक वैद्यकात मुकामार, सूज आणि ताप यांवर वापरली जाई, विस्मृतीवर नव्हे. शांघायमधील संशोधकांनी इ.स. १९८० च्या दशकात तिच्यापासून ह्युपरझाइन ए वेगळे केले. कोलिनएस्टरेजला ते अत्यल्प मात्रेत आवर घालते. चीनमधील लहान चाचण्यांत आशादायक निष्कर्ष आले. अमेरिकेत मात्र २१० रुग्णांवर झालेल्या व इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा या ठरलेल्या मात्रेने १६ आठवड्यांत लाभ दिसला नाही. आहारपूरक म्हणून ते मुक्तपणे विकत मिळते. एखादा रुग्ण डॉनेपेझिल वा गॅलँटामाइन घेत असताना हेही घेऊ लागला, तर एकाच विकरावर दुहेरी दाब येतो.

हळद आणि करक्युमिन

हळदीचा पिवळा रंग प्रामुख्याने करक्युमिनमुळे येतो. हळदपुडीत त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते. सांगली ही देशातील हळदीच्या प्रमुख बाजारपेठांपैकी एक असून सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे करक्युमिनविषयीच्या प्रत्येक बातमीला मराठी वृत्तपत्रांत आवर्जून जागा मिळते, यात नवल नाही.

परीक्षानळीत करक्युमिन अल्झायमरच्या पुटांतील बीटा-अमायलॉइड या प्रथिनाला चिकटते आणि त्याचे तंतू बनण्यास अडथळा आणते. प्रयोगासाठी जनुकीय बदल केलेल्या उंदरांत त्याने पुटे कमी झाल्याचेही दिसले. भारतीयांना हळदीमुळे अल्झायमर कमी होतो, या लोकप्रिय विधानाचा उगम बहुधा हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासात आहे. इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे नवे रुग्ण दर हजार व्यक्ति-वर्षांमागे ४.७ आढळले, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या मोनोंगहेला खोऱ्यात हा आकडा १७.५ होता. पण त्या अभ्यासात हळद मोजलेलीच नव्हती. पाठपुराव्याचा कमी कालावधी आणि सांस्कृतिक घटक यांचा परिणाम झाला असण्याची शक्यता अभ्यासकांनी स्वतःच नोंदवली होती. म्हाताऱ्या माणसाने हिशेब ठेवावा, बँकेत जावे अशी अपेक्षाच नसलेल्या घरात विस्मरण ‘वयानुसार’ म्हणून खपून जाते, हेही लक्षात घ्यावे लागते.

रुग्णांवरील चाचण्यांनी निराशा केली. हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांवर सहा महिने (इ.स. २००८) आणि कॅलिफोर्नियात ३६ रुग्णांवर २४ आठवडे (इ.स. २०१२) झालेल्या चाचण्यांत बौद्धिक लाभ आढळला नाही. स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० व्यक्तींवर लॉस एंजेलिस येथे १८ महिने झालेल्या व इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहज शोषल्या जाणाऱ्या करक्युमिनने स्मृती सुधारल्याचे दिसले; परंतु इतक्या लहान गटावरून निष्कर्ष काढता येत नाही.

करक्युमिनची मुख्य अडचण त्याच्या रसायनातच आहे. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते, यकृतात लगेच बदलते आणि मेंदूपर्यंत जेमतेम पोहोचते. बंगळूर येथील संशोधकांनी इ.स. १९९८ मध्ये दाखवले की, २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यास रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा फार मोठा वाटतो, पण मुळात जवळजवळ शून्य असलेल्या मूल्याची ही वाढ आहे. शिवाय पायपेरीन यकृतातील औषधे मोडणारी यंत्रणाच मंदावत असल्याने इतर औषधांचे प्रमाणही अनपेक्षितपणे वाढू शकते. करक्युमिन प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांना फसवे ‘होय’ उत्तर देते, अशी टीका इ.स. २०१७ मधील एका सविस्तर समीक्षणात करण्यात आली आहे.

रोजच्या भाजीतील हळद आणि ग्रॅमच्या मात्रेतील करक्युमिनच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदवली गेली आहेत. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आले आहेत. त्यातील शिसे मेंदूलाच अपाय करते.

गिंको आणि रेस्व्हेराट्रॉल

गिंको बायलोबा या प्राचीन वृक्षाच्या पानांचा प्रमाणित अर्क जर्मनीत दीर्घकाळ वापरात आहे. अमेरिकेत ३०६९ वृद्धांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क वा निष्क्रिय गोळी देऊन सरासरी सहा वर्षे निरीक्षण केले गेले, अर्काने स्मृतिभ्रंश टळला नाही (इ.स. २००८). फ्रान्समध्ये २८५४ व्यक्तींवर पाच वर्षे झालेल्या चाचणीचाही हाच निष्कर्ष निघाला (इ.स. २०१२). रेस्व्हेराट्रॉलच्या ११९ रुग्णांवरील ५२ आठवड्यांच्या चाचणीत (इ.स. २०१५) औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटले. त्याचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत.

मेध्य वनस्पती

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायने म्हणून मंडूकपर्णी, यष्टीमधु (ज्येष्ठमध), गुडूची (गुळवेल) आणि शंखपुष्पी या चार वनस्पती सांगितल्या आहेत. आधुनिक संशोधनातील पहिला प्रश्न ओळखीचा आहे. ‘ब्राह्मी’ या नावाने कोठे पाणथळ जागी वाढणारी बाकोपा मोनिएरी मिळते, तर कोठे मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. या दोहोंची कुले वेगळी आणि रसायनेही वेगळी. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली तर विष्णुक्रांता आणि गोकर्ण यांसह निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. बाटलीवरील नाव एक असले, तरी दोन अभ्यासांतील वनस्पती एकच असतील असे नाही.

बाकोपातील बॅकोसाइड या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झाले. ऑस्ट्रेलियात निरोगी प्रौढांना १२ आठवडे दररोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिल्यावर शिकण्यात व स्मरणात माफक सुधारणा नोंदली गेली (इ.स. २००१). निरोगी माणसाची आठवण थोडी सुधारणे आणि अल्झायमरने मरणाऱ्या पेशी वाचवणे यांत मात्र फार अंतर आहे.

अश्वगंधेविषयीचा एक अभ्यास उल्लेखनीय आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी इ.स. २०१२ मध्ये दाखवले की, मुळांच्या अर्काने रोगग्रस्त उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड घटले, आणि हा परिणाम मेंदूत नव्हे तर यकृतात घडत होता. यकृतातील एलआरपी हे प्रथिन वाढून ते रक्तातील अमायलॉइड शोषून घेत असल्याचे आढळले. मेंदूत शिरू न शकणारे द्रव्यही मेंदूच्या रोगावर उपयोगी पडू शकेल, ही त्यातील नवी दृष्टी होय. उंदरांत यशस्वी ठरलेली बहुतेक द्रव्ये माणसांत अपयशी ठरली आहेत. अश्वगंधेची अल्झायमरच्या रुग्णांवरील पुरेशी मोठी चाचणी झालेली नाही.

वापरातील धोके

‘वनस्पतीचे आहे, अपाय तर होणार नाही’ ही समजूत कॅलाबार बीच्या इतिहासाला धरून नाही. गिंकोमुळे वॉरफरीन वा ॲस्पिरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. कोलिनएस्टरेजरोधक द्रव्ये दमा, जठरव्रण आणि मंद हृदयगती असलेल्यांना जपून द्यावी लागतात. रुग्ण स्वतःचा त्रास नीट सांगू शकत नसल्याने भूक जाणे वा चक्कर येऊन पडणे हीच दुष्परिणामाची पहिली खूण असते, आणि ती रोगाचाच भाग समजली जाण्याचा संभव असतो. विस्मृती थायरॉइडच्या विकाराने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने, नैराश्याने किंवा धोतऱ्याप्रमाणेच ॲसिटिलकोलीन अडवणाऱ्या काही सर्दीच्या, झोपेच्या व मूत्राशयाच्या गोळ्यांनीही येऊ शकते. ही कारणे दुरुस्त होण्याजोगी आहेत. तपासणीआधीच घरगुती उपचार सुरू केल्यास त्यांचे निदान लांबते.

उगमवनस्पतींचे संवर्धन

स्नोड्रॉपच्या सर्व रानटी जाती इ.स. १९९० पासून संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या कंदांच्या व्यापारास परवाना लागतो. गॅलँटामाइनसाठी बल्गेरियात स्नोड्रॉपऐवजी ल्युकोजम एस्टिव्हम ही स्नोफ्लेकची जाती वापरली जाऊ लागली. वेल्समधील डोंगराळ कुरणांवर याच द्रव्यासाठी डॅफोडिलची लागवड केली जाते. ह्युपरझिया सेराटा अत्यंत सावकाश वाढते व तिची लागवड अवघड असल्याने चीनमध्ये रानातील तोडीमुळे ती दुर्मीळ होत चालली आहे.